कार्बन मोनॉक्साइड मॉनिटर: ऐरोलीतल्या घराच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

धाकटी बहीण डिसेंबरच्या मध्यावर पुण्याहून बाळंतपणाला येते आहे. डॉक्टरांनी तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली दिली आहे. मागची खोली तिच्यासाठी लावायला घेतली आणि यादीत पहिली वस्तू लिहिली ती कार्बन मोनॉक्साइड मॉनिटर. पाळणा, दुपटी, बाकी सगळं त्याच्यानंतर.

कारण आमच्या घराची रचना. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन आणि भिंतीवर मिनिटाला सहा लिटरचा गॅस गीझर. या छोट्या गीझरला धुराचा पाइप नसतो, जळालेली हवा वरच्या फटींतून तिथल्या तिथेच बाहेर पडते. बसवला तेव्हा बाल्कनीला नुसतं ग्रिल होतं, त्यामुळे प्रश्न नव्हता. गेल्या पावसाळ्याआधी झड आत येते म्हणून स्लायडिंग खिडक्या लावून घेतल्या. आता सहा वाजले की डासांपायी घरातली एकूण एक खिडकी बंद होते. खाडीकाठच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

जळणाला हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुरही नाही. गॅस गळल्यावर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. इथे नाकाला काहीच कळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. पोटातल्या बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठतो आणि उतरायला जास्त वेळ घेतो. मला कळकळीने वाटतं की गरोदर बाई घरात असेल तर हे उपकरण हवंच.

बाबा म्हणाले, कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात आहे की. तो इथे निरुपयोगी आहे, उलट घातक. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालं समजतो. माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९८ दिसू शकतं.

१३ नोव्हेंबर

ठाण्याला स्टेशनजवळच्या दुकानांत फिरले. ‘गॅस डिटेक्टर’ म्हटलं की एलपीजीचा पुढे येतो. विकणारेही सांगतात की हा सगळे गॅस पकडतो. तसं होत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत लावतात. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, तो हलका, त्याचा डिटेक्टर छताजवळ. ही दोन्ही उपकरणं न जळलेल्या गॅसची गळती शोधतात. कार्बन मोनॉक्साइड जळून गेलेल्या गॅसमधून येतो आणि त्याचं वजन जवळपास हवेइतकंच असतं, रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. तो खोलीभर मिसळतो. त्याला वेगळा सेन्सर लागतो.

शेवटी ऑनलाइन दोन मागवले. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. खोक्यावर ईएन ५०२९१ (युरोपचं) किंवा यूएल २०३४ (अमेरिकेचं) यांपैकी एक मानक असणं, सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असणं, आणि पडद्यावर लहान आकडेही दिसणं. शेवटची गोष्ट लोक विचारत नाहीत. काही अलार्म ३० पीपीएमच्या खाली शून्यच दाखवतात. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. मला शून्य ते तीस याच पट्ट्यात काय घडतं ते बघायचं आहे.

मामेभाऊ डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, ताई, मी एमक्यू-७ लावून स्वस्तात बनवून देतो. त्याने जरूर बनवावा, शिकण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. टिन ऑक्साइडचा तो सेन्सर आधी ६० सेकंद ५ व्होल्टवर तापवायचा, मग ९० सेकंद १.४ व्होल्टवर ठेवून वाचन घ्यायचं. हे चक्र न पाळता सरळ ५ व्होल्ट देऊन घेतलेले आकडे कितीतरी लोक खरे धरतात. शिवाय दमटपणाने, अल्कोहोलच्या वाफेनेही तो हलतो. झोपलेल्या बाळंतिणीची राखण मी त्याच्यावर सोपवणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं.

१८ नोव्हेंबर

मी रबाळे एमआयडीसीत गॅसची उपकरणं कॅलिब्रेट करण्याच्या लॅबमध्ये काम करते. साहेबांची परवानगी घेऊन दोन्ही मॉनिटर तिकडे नेले. मॉनिटरवरचं टेस्ट बटण फक्त भोंगा, दिवा आणि बॅटरी तपासतं. सेन्सर जिवंत आहे की नाही ते गॅस दिल्याशिवाय कळत नाही. ज्यांना लॅब नाही त्यांनी यासाठी मिळणारा टेस्ट गॅसचा कॅन वापरावा. गाडीच्या धुरासमोर किंवा उदबत्तीसमोर धरू नये, काजळीने सेन्सरची जाळी बुजते.

डब्यात ठेवून १०० पीपीएमचा गॅस हळूहळू सोडला. पडद्यावर आकडा मिनिटा-दोन मिनिटांत ९७ आणि १०२ वर स्थिरावला. भोंगा मात्र बराच वेळ गप्प. एक सतराव्या मिनिटाला वाजला, दुसरा त्यानंतर थोड्याच वेळात. हे बरोबर आहे. ईएन ५०२९१ प्रमाणे १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांच्या आत वाजायचं, ५० ला ६० ते ९० मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. ३० पीपीएम असेल तर दोन तासांच्या आधी वाजायचंच नाही. विष रक्तात साचत साचत चढतं, म्हणून अलार्मही वेळ मोजून वाजतो.

धडधाकट माणसाला वेळेत उठवून बाहेर काढणं हे अलार्मचं काम. रोज तासभर १५ पीपीएममध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा ४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे साधारण साडेतीन पीपीएम. आठ तासांची मर्यादा १० मिलिग्रॅम, म्हणजे नऊच्या आसपास. आपल्या देशाचं २००९ चं बाहेरच्या हवेचं मानक त्याहून कडक, आठ तासांना २ मिलिग्रॅम. म्हणून मी भोंग्याची वाट न बघता आकडा वहीत उतरवणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मतदान करून आलो आणि मॉनिटर लावले.

पहिला स्वयंपाकघरात, ड्राय बाल्कनीच्या दाराच्या अलीकडच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपेक्षा उंच, छतापासून वीतभर खाली. शेगडी आणि गीझर दोघांपासून आडवं अंतर एक ते तीन मीटरच्या आत बसेल अशी जागा पाहिली. शेगडीच्या डोक्यावर, सिंकजवळ, पंख्याच्या झोतात किंवा पडद्यामागे लावायचा नाही. दुसरा मागच्या खोलीत, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला. ड्रिलने भोकं पाडून रॉल प्लग मारले, बाकी काही नाही. मागच्या बाजूला बसवल्याची तारीख मार्करने लिहिली.

२९ नोव्हेंबर

रोजचे आकडे. खिडक्या उघड्या असताना ० किंवा १. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या असतात तेव्हा कधी कधी २. कुकर, भाजी, आमटी यांना २ ते ३. मोठं पातेलं ठेवलं की थोडं जास्त, कारण गार बुडाला टेकून ज्योत विझते आणि जळणं अर्धवट राहतं. पातेल्याचं पाणी तापलं की आकडा उतरतो. भाकरी थेट ज्योतीवर फुगवताना ५.

एका रात्री मागच्या खोलीत ११ दिसलं आणि घरात काहीही पेटलेलं नव्हतं. दिवे जाऊन आले होते, आणि भिंतीपलीकडे पॅसेजमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी जोरात चार्ज होत होती. पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. सेन्सरच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होताना जे इलेक्ट्रॉन सुटतात त्यांचा प्रवाह हे यंत्र मोजतं, आणि हायड्रोजनही तिथे तसेच इलेक्ट्रॉन सोडतो. मॉनिटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेला, शून्य. बॅटरीपाशी आणला, १४. मोजला तो वायू वेगळा होता, पण हायड्रोजन बंद पॅसेजमध्ये साचू देणंही बरं नाही. बॅटरी पुढच्या बाल्कनीत हलवली.

७ डिसेंबर, शनिवार

आज चंपाषष्ठी. भरीत-रोडग्याचा बेत. संध्याकाळी आईने वांगी थेट ज्योतीवर भाजायला ठेवली, धूर होतो म्हणून चिमणी लावली. डासांच्या वेळेमुळे खिडक्या बंद, बाल्कनीचं स्लायडिंगही बंद. त्याच वेळी बाबा अंघोळीला गेले आणि गीझर पेटला.

भिंतीवरचा आकडा ६ होता, तो ११ झाला. वांग्यांमुळे असेल म्हणून मी ज्योत बंद केली. तरी १९. मग २७. मग ३८. मी बाबांना हाक मारून पाणी बंद करायला लावलं, दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या आणि आईला हॉलच्या बाल्कनीत नेलं. मॉनिटर वाजला नव्हता, आणि मानकाप्रमाणे वाजायचाही नव्हता. आई म्हणाली, मला तर काहीच वास आला नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज शांतपणे एकेक गोष्ट बदलून पाहिली. घरात मी एकटी, पुढचं दार कडी न लावता नुसतं लोटलेलं, हातात दुसरा मॉनिटर.

स्लायडिंग उघडी आणि नुसता गीझर: स्वयंपाकघरात १. स्लायडिंग बंद आणि नुसता गीझर: दहा मिनिटांत ९. स्लायडिंग बंद, गीझर आणि चिमणी दोन्ही चालू: आठव्या मिनिटालाच ३५, तिथेच थांबवलं. म्हणजे चिमणीमुळे सगळं बिघडतं. उदबत्ती घेऊन बाल्कनीच्या दाराच्या फटीशी धरली. चिमणी बंद असताना धूर सरळ वर जात होता. चिमणी लावल्याबरोबर आडवा होऊन स्वयंपाकघरात ओढला गेला. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी हवा तिला कुठून तरी आत घ्यावीच लागते. खिडक्या बंद असल्यावर उरली बाल्कनीची वाट, आणि त्या वाटेवर गीझर जळालेली हवा सोडत उभा.

हिशेबही करून पाहिला. असा गीझर पेटल्यावर साधारण १२ किलोवॉटने गॅस जाळतो. एका किलोवॉट-तासाला जळायला जवळपास एक घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीला सुमारे तीन घनमीटर. आमची बंद बाल्कनी जेमतेम सहा घनमीटरची. बाहेरून हवा आली नाही तर पाव तासात निम्म्या हवेतला ऑक्सिजन संपला. ऑक्सिजन थोडा उतरला तरी ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वेगाने वाढतो.

१२ डिसेंबर

गीझरवाला येऊन गेला. बर्नर आणि जेट साफ केले. तांब्याच्या पात्यांमध्ये काजळीचा थर होता, तोही काढला. ज्योत निळी झाली. स्लायडिंग बंद आणि नुसता गीझर, या अवस्थेत ९ चे ४ झाले. सुधारणा आहे, पण हवेचा प्रश्न तसाच.

बाबांशी बोलले. माझं मत असं की गॅस गीझर काढून बाथरूममध्ये विजेचा १५ लिटरचा बसवायचा. त्यांना बिलाची काळजी. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं, हे कागदावर मांडून दाखवलं. ते कागद बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, पोरगी यायच्या आत करून टाक.

१४ डिसेंबर

गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून गीझरची लाइन बंद करून टोक सील केलं. इलेक्ट्रिशियनने बाथरूमसाठी वेगळी वायर ओढली, अर्थिंग तपासलं. बाल्कनीच्या स्लायडिंगचा वरचा पल्ला काढून तिथे डासांची जाळी लावली, म्हणजे चिमणीला बाहेरून हवा मिळेल. ही जाळी धुळीने आणि तेलकटपणाने बुजते, महिन्याला धुवावी लागणार.

संध्याकाळी सगळ्या खिडक्या बंद ठेवून चिमणी आणि दोन ज्योती चालू ठेवल्या. ३.

१९ डिसेंबर

बहीण आली आहे. सकाळी सात-साडेसातला तिच्या खोलीत ४, एकदा ७. आमच्याकडे तोवर गॅससुद्धा पेटलेला नव्हता. तिच्या खोलीच्या बाथरूमचे लुव्हर्स इमारतीच्या डक्टमध्ये उघडतात. मॉनिटर लुव्हर्सपाशी नेला, १३. खालून कुणाच्या तरी गीझरची हवा डक्टमधून वर येत होती.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांचा गॅस गीझर बाथरूमच्या आतच, दारामागे. थंडीत गार वारा येतो म्हणून लुव्हर्सवर आतून पुठ्ठा चिकटवलेला, दोन फटी तेवढ्या राहिलेल्या. त्यांची आठवीतली नात रोज सकाळी तिथे दार लावून अंघोळ करते.

काकूंना म्हटलं, माझ्यासमोर एकदा बघूया. बाथरूम रिकामं ठेवून नळ सोडला, दार लोटलं, मॉनिटर दाराच्या वरच्या फटीत बाहेरून दिसेल असा अडकवला. दहाव्या मिनिटाला आकडा १६० च्या पुढे गेला. मी गॅसचा कॉक बंद केला. काकू खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, परवा तिला बाथरूममधून आल्यावर चक्कर आली होती, आम्ही म्हटलं उपाशीपोटी गेली म्हणून.

मुंबई-ठाण्याकडे हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये गीझरपायी माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा वेळी माणूस गुदमरतो आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायची ताकद राहत नाही. अशा कुणाला बाहेर काढलं तर मोकळ्या हवेत ठेवून ताबडतोब दवाखान्यात न्यायचं आणि तिथे ‘गीझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास जातात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास.

काकांनी त्याच दिवशी पुठ्ठा काढला आणि गीझर वापरणं थांबवलं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी दिलं आहे: बाथरूममधले सगळे गॅस गीझर एकदा पाहून घ्यावेत, डक्टकडचे लुव्हर्स कुणीही बुजवू नयेत. बाथरूममध्ये नुसता एक्झॉस्ट पंखा लावून हा प्रश्न सुटत नाही हेही लिहिलं. दाराखालून हवा आत यायला जागा नसेल तर पंखा जळालेली हवाच फिरवत बसतो.

४ जानेवारी २०२५

शेक-शेगडीचा विषय निघाला. बाळंतिणीला आणि बाळाला निखाऱ्यांचा शेक, ओवा-शेपाची धुरी. आईला हे हवंच आहे, आणि मालिशवाल्या मावशींनाही. त्यामागची माया मला कळते. आईने माझ्या वेळी आणि बहिणीच्या वेळी हे सगळं गावच्या घरात घेतलं. त्या घराच्या कौलांतून हवा खेळत होती. इथे तीन बाय साडेतीन मीटरची खोली आणि ॲल्युमिनियमच्या घट्ट खिडक्या.

मावशी म्हणाल्या, निखारे फुलले की धूर राहत नाही, मग कसला त्रास? नेमका तिथेच धोका आहे. फुललेला कोळसा धूर देत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर देतो. वादापेक्षा बघू, असं ठरलं. बहिणीला हॉलमध्ये बसवलं, रिकाम्या खोलीत शेगडी ठेवली, खिडकी चार बोटं उघडी. आम्ही तिघी दाराबाहेरून मॉनिटर बघत होतो. पाच मिनिटांत २२. दहा मिनिटांत ५१. वीस मिनिटांच्या आत ९० ओलांडलं. शेगडी चिमट्याने उचलून गच्चीवर नेली, खोली पुन्हा शून्यावर यायला तासाहून जास्त लागला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग मावशींनीच मार्ग काढला. ओव्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर गरम करून आणायची, फडक्याच्या घड्या तव्यावर शेकायच्या, कंबरेला गरम पाण्याची पिशवी. धुरी घरात नाही. खोलीत डासांची कॉइलही नाही, मच्छरदाणी लावायची. मावशी म्हणाल्या, मी अजून तीन घरी जाते, तिथेही हे सांगते. त्यांना १६० चा आणि ९० चा आकडा माझ्या वहीतून लिहून दिला.

१९ जानेवारी

मुलगी झाली. दोघी घरी आल्या आहेत. मागची खोली: ०, ०, १, ०.

२ फेब्रुवारी

सोसायटीची बैठक झाली. सात घरांत बाथरूमच्या आत गॅस गीझर निघाले. चार जण काढायला तयार झाले. उरलेल्यांनी हवेची सोय होईपर्यंत पाणी बादलीत भरून घ्यायचं, गीझर बंद करायचा आणि मगच आत जाऊन दार लावायचं, हे मान्य केलं. हा पूर्ण उपाय नाही, पण आजपासून करता येण्यासारखा आहे.

माझ्या मॉनिटरची देखभाल अशी: दर महिन्याच्या एक तारखेला टेस्ट बटण, कोरड्या मऊ ब्रशने जाळीवरची धूळ, जवळपास सॅनिटायझर किंवा रंगाचा फवारा मारायचा नाही. सेन्सरची मुदत दहा वर्षं, म्हणजे २०३४ च्या नोव्हेंबरात बदलायचा. वर्षातून एकदा लॅबमध्ये १०० पीपीएमला पुन्हा तपासणी.

पुढचं काम: गेटवरची वॉचमनची केबिन. रात्री दार बंद, आत कॉइल, आणि थंडी वाढली की घमेल्यात कोळसे. तिथे भेट म्हणून एक मॉनिटर द्यायचा आहे, आणि त्याआधी केबिनच्या पत्र्याला वर-खाली दोन झरोके पाडून घ्यायचे आहेत. फॅब्रिकेटरला मंगळवारी बोलावलं आहे.